जादा खोली

हल शहर, गॅनेट स्ट्रीट, घर क्रमांक सदतीस.
मी गेलो होतो मोजपट्टी घेऊन,
नगरपालिकेचा माणूस, गळ्यात ओळखपत्र,
त्यावरचा फोटो नोकरी नवी असतानाचा, हसरा.

लिनेट थ्रॉसल, वय अठ्ठावन्न.
पूर्वी मासे गोठवायच्या कारखान्यात होती.
म्हणाली, बूट राहू देत, फरशी तुमचीच आहे.

जिना चढून डावीकडे ती खोली.
माझ्या कागदावर तिचं नाव : जादा.
मुलगा डेन्मार्कला, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर,
नाताळात येतो,
म्हणजे यायचा.
त्याचा पलंग भिंतीला उभा टेकवलेला,
आणि जमीनभर पुस्तकं, पालथी,
छोट्या छोट्या तंबूंसारखी.
ओल्या कागदाचा वास.

'दोन पत्रं आली तुमची, एकाच टपालात.
एकात होतं : तुमच्या भागाचा कारभार आता तुमच्याच हाती,
वाचनालय चालवायला पुढे या, किल्ली घेऊन जा.
दुसऱ्यात : तुमच्याकडे एक खोली जास्त,
भाड्याच्या मदतीतून चौदा टक्के कापू.'

किल्ली तिनं घेतली.
मंगळवार, गुरुवार, दुपारी दोन ते पाच,
अंगात कोट घालूनच.
नोव्हेंबरात छप्पर गळायला लागलं, तिनं कळवलं.
उत्तर वेळेवर आलं, हे कबूल करायला हवं :
छप्परही आता तुमचंच.

म्हणून बालविभाग इथे वाळत होता.
एका पानावर व्हेल मासा, फुगून दुप्पट झालेला.
ती हेअर ड्रायर फिरवते त्याच्यावर,
वीज मीटरमध्ये नाणी टाकून.

दात कोरून पोट भरत नाही,
हे लंडनला कुणी सांगायचं?
माझ्या कागदावर तर दोनच रकाने :
इथे कुणी झोपतं. इथे कुणी झोपत नाही.

'तू कुठे राहतोस रे?'
आईकडे, मी म्हणालो. मागच्या खोलीत.
'मग तिची खोली सुटली म्हणायची.'
शुक्रवारनंतर मीही कामावर नसणार होतो,
ते मात्र मी सांगितलं नाही.

मोजपट्टी सारखी सुटून परत येत होती.
पूर्वी या कामाला आम्ही दोघं यायचो.
तिनं दोन तंबू बाजूला सरकवले,
गुडघ्यावर बसली,
आणि दुसरं टोक भिंतीशी धरून म्हणाली,
हं, वाच आता.