हातचा एक

रामाबांता सर मार्चमध्ये गेले,
ब्लूमफाँटेनच्या शाळेत, तिप्पट पगारावर.
मागे राहिला लाकडी कंपास,
ज्याच्या पायात खडू टिकत नाही,
आणि फळ्यावर अर्धं सोडवलेलं वर्गसमीकरण.
तीन आठवडे ते कुणी पुसलं नाही.

मग मात्सेलिसोबाईंनी वेळापत्रक काढलं,
गणिताच्या चौकटीत माझं नाव लिहिलं,
पेन्सिलीनं. म्हणाल्या, तात्पुरतं.
ती पेन्सिल आता शाईपेक्षा गडद झालीय.

मी शेतकी शिकवतो.
दात बघून मेंढीचं वय सांगतो,
लोकरीची गासडी उचलली की वजन कळतं मला.
क्ष मात्र आदल्या रात्री वाचावा लागतो,
रॉकेलच्या दिव्यापाशी, घोंगडी पांघरून.
मुलांच्या पुढे आहे मी,
एक पान.

मोखोत्लोंगच्या डोंगरावर बर्फ पडला त्या सकाळी
लिनेओ उभी राहिली.
उणे गुणिले उणे अधिक का, न्ताते?
म्हटलं, नियम आहे.
ती बसेना.
नियम आहे का, ते नाही विचारलं.

म्हटलं, समज, दुकानदारानं तुझ्या आईच्या
पाच-पाच मालोटींच्या तीन उधाऱ्या खोडल्या.
ती म्हणाली, पंधरा वाचले.
पण वाचले म्हणजे आले का?
मागच्या बाकावर कुणी तरी हसलं.
मी घड्याळाकडे पाहिलं. उद्या सांगतो.

उद्या तीच आली फळ्यापाशी.
उणे पाच त्रिक उणे पंधरा,
उणे पाच दुणे उणे दहा,
उणे पाच एके उणे पाच,
उणे पाच शून्ये शून्य.
बघा, दर पायरीला पाचानं चढतोय.
घाट चढणारा माणूस
शून्यापाशी थांबेल कशाला?

मी खाली बसलो, तिच्याच बाकावर.
थंडगार होता तो.

मासेरूहून दरवर्षी कागद येतो.
गणिताची पदं: मंजूर दोन. भरलेली: दोन.
एक मी. दुसरी चर्चच्या गायनवृंदाची बाई.
आम्ही उभे असतो, म्हणून भरलेली.
सही करताना हात थांबला एकदा.
मग केली. नाहीतर असलेलं पदही गेलं असतं.

लिनेओला हिऱ्यांच्या खाणीत
मोठा ट्रक चालवायचाय. पगार चांगला.
मी काय सांगू? कॉलेजला चार वर्षं,
आणि पुढे ब्लूमफाँटेनचा रस्ता
इथल्या रस्त्यापेक्षा गुळगुळीत.

बेरीज शिकवताना मात्र सांगतो सगळ्यांना,
हातचा एक वर लिहा, बारीक का होईना.
बेरीज चुकते ती बहुतेकदा तिथंच,
जो हातात होता
तो मोजायचा राहून जातो.