सुटकेचा दगड

योरुनच्या खिडकीच्या कट्ट्यावर,
थर्मामीटरच्या डबीशेजारी, एक बी.
तपकिरी, चपटं, घासून गुळगुळीत झालेलं.
मी पाहताच म्हटलं, अरे, गारंबी!
ती म्हणाली, दगड.

तिच्या आईला सापडला होता तो
शेवाळाच्या गुंत्यात, एका वादळानंतर.
आई बेटावरची सुईण.
कळा सोसणाऱ्या बाईच्या मुठीत द्यायची आणि म्हणायची, आवळ.
इथे त्याला सुटकेचा दगड म्हणतात.
मी सांगितलं, आमच्या भाषेतही बाई सुटतेच,
आणि ती सुटली की घरातले सगळेच सुटतात.
योरुनने मान हलवली. कॉफी उतू जात होती.

रोस्त बेट. सदुसष्ट अंश उत्तर.
याच रेषेवरून बोट पश्चिमेला सरकवलं
की ग्रीनलंडचा पांढरा भाग लागतो.
इथे मात्र जानेवारीत बंदर मोकळं,
मेंढ्या उघड्यावर गवत खातात,
आणि सूर्य तीन आठवडे फिरकलेला नसतो.

मग ही ऊब कुणाची?

जिथे ऊन उतू जातं तिथली.
तिथला वारा पाणी पश्चिमेला लोटतो,
किनारा त्याला वर वळवतो,
आणि ते निघतं,
एखाद्या नदीत पडलेली शेंग, फुटलेलं बी
सोबत घेऊन.
वाराही येतो त्याच वाटेने, पण तो उतावळा,
आज देतो, उद्या विसरतो.
समुद्र शेजारून विस्तव मागून आणणाऱ्या बाईसारखा:
हळू, आडोसा धरून,
दारोदार थोडा थोडा देत.
शेवटी हात रिकामे होतात.
गार, खारट, जड झालेलं पाणी
खाली बसतं
आणि तळातून परत निघतं,
अंधारात, शेकडो वर्षांच्या चालीने.
त्या परतीच्या पाण्यातून
कुणाच्या दारात बी येत नाही.

ओद्वारच्या लाकडी मांडवांवर
कॉड मासे शेपटीला शेपटी बांधून टांगलेत,
जोडीजोडीने, मे महिन्यापर्यंत.
गोठले तर मांस फुटतं.
तापलं तर माशी बसते.
मासा आणि माशी,
आमच्या भाषेत एवढंसंच अंतर,
इथे दोन-तीन अंशांचं.
त्यावर बेटाचा संसार.

योरुन रोज सकाळी धक्क्यावरून बादली सोडते.
एकतीस वर्षं. वह्या नऊ.
तारीख, वेळ, अंश, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना,
जो बहुतेक कोराच.
या मार्चच्या अकरा तारखेला तिने लिहिलं:
माशी. एक.

ओद्वार म्हणतो, समुद्र तापतोय.
त्याचा मुलगा ट्रॉम्सोला शिकतो, तो म्हणतो,
कदाचित ही नदीच मंदावेल, मग बंदर गोठेल.
बापलेक जेवताना भांडतात.
योरुन दोघांना बटाटे वाढते
आणि कुणाचीच बाजू घेत नाही.

निघायच्या दिवशी मी बी उचललं.
ते कोमट होतं.
क्षणभर काय काय वाटून गेलं.
मग दिसलं, खाली हीटर आहे.

धक्क्यावर तिने बादली वर ओढली.
मी पाण्यात हात घातला आणि ओरडलोच,
बोटं बधिर.
तिने पारा डोळ्यांजवळ नेला,
वाट पाहिली, पुन्हा पाहिला.
सहा पूर्णांक आठ, म्हणाली.
गरम आहे.
आणि हात पुसून
पेन्सिल शोधू लागली.