येण्याचे कारण

लॉजच्या रजिस्टरात एक रकाना असतो : येण्याचे कारण.
त्याआधीचं सगळं मन्मथनं भराभर भरलं,
नाव, मुक्काम पोस्ट उदगीर, हुद्दा कंडक्टर, निवृत्त,
सोबत पत्नी, महानंदा, वय अठ्ठेचाळीस.
मी सत्तेचाळीस आहे. बोलले नाही.
मग पेन थांबलं.

या शहरात आम्ही कारणाशिवाय कधी आलोच नव्हतो.
खंडपीठात तारीख असायची, बांधाच्या भांडणाची,
अठरा वर्षं. तोवर बांध नांगरटीत कुठल्या कुठं गेला.
घाटीत सासूबाई होत्या एकवीस दिवस.
थोरलीची परीक्षा, तेव्हा लिंबाखाली बसून
अनोळखी आयांसोबत एकच घड्याळ बघितलं.
शहर म्हणजे फाइल. शहर म्हणजे एक्स-रेचं खाकी पाकीट
मांडीवर उभं धरून केलेला रात्रभरचा प्रवास,
आणि तांबडं फुटायला कुठल्यातरी रांगेत.

काउंटरवरचं पोरगं म्हणालं, काका, काहीबी लिहा.
त्यानं लिहिलं : काम.

शनिवारी दुपारी ते काम करत आम्ही
पानचक्कीच्या हौदाकाठी बसलो.
पाणी वरून पडत होतं, एक लेकरू माशांना मुरमुरे टाकत होतं.
गाइड सांगत होता, डोंगरातून येतंय हे,
जमिनीखालून, मातीच्या नळांतून, कैक वर्षांपासून.
मन्मथनं विचारलं, मधी थांबे किती?
गाइड हसला. हा हसला नाही,
त्याला खरंच पाहिजे होतं.

घाटी इथून किती लांब, मी म्हटलं.
त्यानं हात केला. ती काय, तिकडं.
म्हणजे एकवीस दिवस
आम्ही या पाण्याच्या इतक्या जवळ होतो
आणि बाटल्या विकत घेत होतो.
बराच वेळानं म्हणाला, तवा ऐकू आलं नसंल.
आलंही असेल. व्हरांड्यात चटईवर पडल्यावर
रात्री काहीतरी बुडबुडायचं,
मला वाटायचं कुणाचातरी ऑक्सिजन.

संध्याकाळी नान खलियाच्या वासातून गेलो, खाल्लं नाही,
गळ्यातल्या लिंगाला हात लावून तो पुढं चालत राहिला,
पण नुसता नान घेतला एक, दोघांत, कोरडा.
चांगला होता. खरं सांगायचं तर फार चांगला होता.

रविवारी देवगिरी.
अंधारीत शिरलो तेव्हा वटवाघळांचा उग्र दर्प,
वाट चुकावी म्हणूनच बांधलेली वाट,
पुढं कुणाच्यातरी मोबाइलचा उजेड, तोही वळणावर गेलेला.
सव्वीस वर्षांत या माणसानं चारचौघांत
माझ्या पदरालाही हात लावलेला नाही.
चारचौघं दिसेनात तेव्हा कोपर धरलं.
तोंडानं पायऱ्या मोजत होता,
भरल्या गाडीत डोकी मोजायचा तशा,
मधेच चुकला, पहिल्यापासून सुरू केलं.
मी म्हटलं, काहून मोजताव? तिकिटं काढायचीत का?
त्यानं बोटाच्या पेरानं कातळावर दोनदा ठोकलं.
टण. टण.
चला, जाऊ द्या.

असलं काही येतं त्याला, हे मला माहीत नव्हतं.

उजेडात आलो तर समोर शाळेची सहल, दोनशे पोरं.
कोपर सुटलं. तिथं थोडी काजळी राहिली होती, का घाम.

निघताना सहीसाठी रजिस्टर परत पुढ्यात आलं.
मन्मथ बॅगा घेऊन बाहेर गेलेला.
मी तो रकाना वरून खाली वाचला :
ट्रीटमेंट. कोर्ट. ट्रीटमेंट. मुलाची परीक्षा. लग्न. ट्रीटमेंट.
हिंगोली, गंगाखेड, कळंब, किनवट,
आणि प्रत्येकाचं अक्षर घाईतलं.
पेन हातात होतं. पोरगं फोनमध्ये होतं.
अठ्ठेचाळीस खोडून सत्तेचाळीस केलं.
काम तसंच राहू दिलं.

बाहेर तो रिक्षावाल्याशी
स्टँडच्या भाड्यावरून भांडत होता.