दोन शब्दांच्या मध्ये

आंघोळ कर, म्हटलं की अन्ना नुसता उभा राहतो.
आंघोळ फार मोठी असते, हे मला
पस्तिसाव्या वर्षी कळलं.
तिच्यात बादली असते, तांब्या असतो,
साबण कुठं ठेवला ते असतं,
डोळे मिटायचे कधी, उघडायचे कधी
तेही असतं.

म्हणून मी मोरीबाहेर पाटावर बसते,
मांडीवर विड्यांचं सूप,
आणि एकेक शब्द पडद्याआड सोडते.
तांब्या.
डोकं.
अजून एक.
दोन शब्दांच्या मध्ये तीन विड्या होतात.

आई हे सगळं स्वतःच उरकायची.
पाच मिनिटांत चकचकीत यादगिरी,
भांग पाडलेला, गुंड्या लावलेला.
ती गेली तेव्हा तो एकेचाळीसचा होता
आणि गुंडीबद्दल त्याच्या बोटांना
कुणी काही सांगितलंच नव्हतं.
आईला बोल नाही. तिला हजार वळायच्या असायच्या.
मी सातशेवर थांबते.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता?
नळाचा, म्हणाला.
खरंच त्या दिवशी पाचव्या दिवसाचं पाणी होतं.
पण फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
सर्टिफिकेट आलं : सत्तर टक्के.
अशोक चौकापर्यंत रिक्षात मी
उरलेले तीस शोधत राहिले.
उतरल्यावर त्यानं रिक्षावाल्याला नोट दिली
दोन्ही हातांनी,
देवापुढं ठेवतात तशी.

आता एका शर्टाला अर्धा तास जातो.
वरची गुंडी खालच्या काजात.
रत्नव्वा ओट्यावरून ओरडते,
लावून दे की गं, पोरगं ताटकळलंय!
पोरगं चव्वेचाळीसचं.
मी हात मांडीखाली दाबून बसते.
गुंडी लावायला त्याला चार महिने लागले,
हात दाबून बसायला मला जास्त.

एप्रिलमध्ये मला ताप भरला.
पत्र्याखाली भट्टी, सूप रिकामं.
डोळे उघडले तर पाट माझ्या अंथरुणाशी
आणि पाटावर अन्ना,
गुंड्या एकेक घर चुकलेल्या.
तापाचे शब्द त्याला कुणी दिले नव्हते.
होते ते त्यानं काढले.

चेल्ली, म्हणाला. तांब्या.

आणि थांबला.
मी थांबते तेवढाच, तीन विड्यांइतका.
मी कोपरावर उठले, तांब्या ओढला, घोटभर प्याले.
तो बघत होता. हात मांडीखाली.

अजून एक.