निळ्या टोपणाची नळी

परळला, रात्रपाळीला,
बर्फाच्या डब्यातून गजामामा नळ्या आणतो.
निळं टोपण डी-डायमरला, पिवळं फेरिटिन, सीआरपीला.
सेंट्रिफ्यूज गरगरतं,
लाल तळाशी बसतं, वर उरतं गव्हाळ पाणी,
आणि कुणाच्या अंगात किती दाह पेटलाय
ते त्या पाण्यातून आकड्यांत उतरतं.
चेहरे आम्हाला दिसत नाहीत. नकोच असतात.

सोमवारी एका लेबलवर नाव आलं:
धैर्यवान, मनोरमा. स्त्री. अडुसष्ट.
गिरगावात या नावाची दुसरी कुणी असेल,
असं मी स्वतःला सांगितलं.
सीआरपी अठ्ठेचाळीस.

मिस धैर्यवान खडू मोडून अर्धा करायच्या,
फळ्यावर एक गोल काढायच्या. नुसता गोल.
"ही मूळपेशी. हिचं अजून काहीच ठरलेलं नाही."
मग बाण:
अगदी पहिल्या दिवसांतली, जी अख्खं बाळ होईल, वर वारसुद्धा;
तिच्या मागची, भ्रूणातली, जी वार सोडून सगळं होईल;
नाळेतली; चरबीतली;
आणि मज्जेतली, जी रक्ताच्या घराण्याबाहेर
सोयरीक करत नाही.
"मुलींनो, मोठं व्हायचं म्हणजे एकेक दार लावून घ्यायचं."
आणि डस्टर आपटत,
"माझं लग्नाचं मात्र अजून ठरलेलं नाही."
तेव्हा त्या पन्नाशीच्या. आम्ही बाकांवर लोळलो.

मंगळवारी फेरिटिन अकराशे.
बुधवारी एकोणीसशे, सीआरपी एकशे बारा.
आयएल-सिक्स मी दोनदा लावलं, कंट्रोलसकट.
दुसऱ्यांदा आणखी दोनाने जास्त.
विषाणू एव्हाना निम्मा निघून गेला असेल,
आता शरीरच शरीराला शेकत होतं,
चोर पळाल्यावर वाडी पेटवणाऱ्या
राखणदारांसारखं.
हे वाक्य माझं. पेपरात लिहिलं असतं तर
त्यांनी समासात लाल शाईने विचारलं असतं: पुरावा?

आणि त्यांच्या मज्जेतल्या त्या पेशी,
अडुसष्टाव्या वर्षी, हाडांच्या अंधारात,
पांढऱ्या शिपायांच्या तुकड्या घडवून वर धाडत असतील,
वर काय चाललंय ते न कळता.
त्यांचीही रात्रपाळीच.

गुरुवारी माझी सुट्टी.
कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकले, भात करपला.

शुक्रवारी नळी आली नाही.
लॅबमध्ये याचे अर्थ दोनच.
फोन हाताशी होता,
वॉर्डचं एक्स्टेंशन तोंडपाठ, दोनशे सतरा.
मी स्टँडमधली एक खाच मोकळी सोडली
आणि पुढच्या चाळीस नळ्या लावल्या.

पहाटे गजामामा रिकामा डबा न्यायला आला.
"ताई, त्या गिरगावच्या बाई..."
म्हणाला,
आणि नाकावरून घसरलेला मास्क
नीट करायला थांबला.