गुणांत न धरलेले सामने

सिंदेवाहीच्या मैदानावर चुन्याची रेघ ओली असतानाच
गेडाम सर हजेरीपटाच्या पाठीवर लिहितात:
लीगच्या आधी तीन सामने.

कामठी. तिथली पोरं चालायच्या आधी लाथ मारतात.
चार गोल खाल्ले तर पोट भरलं समजा.

बल्लारपूर. त्यांचा लेफ्ट-आऊट डाव्या पायानं मारतो,
उजवा बूट फाटलाय म्हणून.
दिवाळीत नवा घेतला असेल तर आपलं कठीण.
हिवराज, झोपजो नको.

तिसरं नवरगाव.
धान कापणीला आलं, नऊच जण येतील.
दोन आपले द्यावे लागतील त्यांना.

सर पेन टोपणात घालतात,
बाकाकडे बघतात.
मी दोन वर्षांचे कोरे मोजे
गुडघ्यापर्यंत ओढतो.

हिवराज,
तू कुठल्या बाजूला उडी घेत नाहीस
ते मला ठाऊक आहे.