डावा कोपरा

मुंजाचं वजन चोपन्न किलो,
तेही भिजल्या बनियनसकट.
उंची विचारली की म्हणायचा,
'मोजायला कोण वाकतंय?'

मानवतला जिनिंगच्या मागं आमचं मैदान.
रुई उडायची, रेषांवर बसायची,
चुना कुठला न् कापूस कुठला, पंचालाही कळायचं नाही.
मुंजाला कळायचं.
बोनस रेषेपलीकडं पाऊल न्यायचा, आणायचा,
झोपलेल्या लेकराच्या मानेखालून
आपला हात काढून घ्यावा तसं.
सात जणांच्या भिंतीत त्याला
मांजर जाईल एवढी फट पुरायची.
तो पलीकडं, आणि आम्ही
एकमेकांनाच धरून पडलेले.

पकड माझी होती.
हे आधीच सांगून टाकतो,
गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही म्हणून.
सेलूच्या सामन्यांआधीचा सराव, शेवटची चढाई,
अंधार पडत आलेला.
घोटा माझ्या हातात, धड मध्यरेषेकडं,
आणि मधे गुडघा,
दोघांचंही ऐकायला गेला.
तुरीची वाळली शेंग तडकावी, एवढाच आवाज.
दम त्यानं सोडला नाही.
पडल्या पडल्या कबड्डी कबड्डी चाललेलं,
मग त्याचं कण्हणं झालं,
शब्द तोच.

नांदेडच्या डॉक्टरनं मांडीमागची शीर काढून
गुडघ्यात ओवली.
चालेल, म्हणाला, जिना चढेल, सायकल मारेल.
खेळायचं म्हणाल तर…
आणि पेनाला टोपण लावलं.

त्या टोपणावर गावानं पैजा लावल्या.
टपरीवाला इस्माईल: दहात दोन.
आमचे कवडे सर: वजन असतं तर गोष्ट वेगळी होती.
धिप्पाड गड्याचा गुडघा गेला तरी छाती उरते,
याच्याकडं होतं काय?
नुसतं वळणं.
माझा आकडा मी कुणाला सांगितला नाही.

सहा महिने त्याच्या घोट्याला सरकीची पिशवी.
आधी अर्धा किलो, मग एक, मग दोन.
तो बाजेवर बसून पाय उचलायचा,
बहीण भांडी घासता घासता आकडे मोजायची
आणि मुद्दाम चुकायची,
सतरानंतर पुन्हा बारा.
कालव्याच्या पाळीवर पहाटे चालताना
मी मागं राहायचो,
त्याची डावी चप्पल किती घासते ते ऐकत.
फेब्रुवारीत घासायची. एप्रिलमधे कमी.
मे महिन्यात त्यानं चप्पलच बदलली,
माझा हिशेब बुडाला.

काल निरोप आला: खदीर, ये. एकटाच ये.

मैदानात आम्ही दोघं, आणि रेषा
त्यानं नव्या आखलेल्या.
पहिल्या चढाईला मी हात पुढं केला, आणि सोडला.
तो जागीच थांबला.
'लेका, सोयरा आलाय का मी? पाय धुतोस?'
दुसऱ्यांदा मी बोटं लावली.
तो थुंकला. बोलला नाही.

आता तिसरी.
येतोय. ओठांवर तोच शब्द, बारीक, अखंड,
पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसा.
वळायच्या आधी त्याचा डावा पाय
क्षणभर अडतो.
पूर्वी अडायचा नाही.
अकरा वर्षं मी ह्या पायासमोर उभा आहे,
एवढं मला दिसतं.
त्या अडण्यात हात घातला तर घोटा माझा.

पण तो माझ्या हातांकडं बघतोय,
आणि मुंजा हाताकडं बघतो
तेव्हा हाताला काहीतरी दाखवत असतो.
हे अडणं दुखण्याचं आहे
की माझ्यासाठी मांडून ठेवलेलं,
डॉक्टरला विचारून उपयोग नाही.

मी वाकलो.
चोपन्न किलो, पूर्ण दमात,
पुन्हा एकदा डाव्या पायावर.